लोहाराच्या मुलाने केलेला कॉलेजांचा कायदा: जस्टिन मॉरिल

मृदगंध | शनिवार, रात्री १०:१२

आयोवा स्टेट विद्यापीठाच्या आवारात मॉरिल हॉल नावाची लाल विटांची जुनी इमारत आहे, १८९१ सालची. एम.एस. करताना दोन वर्षं मी रोज तिच्यासमोरून माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत जायचो. मॉरिल म्हणजे कुणी मोठा देणगीदार असणार, असं मी धरून चाललो होतो. आपल्याकडे कॉलेजच्या इमारतींना नावं तशीच पडतात. पदवी घेतली, नोकरीला लागलो, आणि मग एकदा वाचनात आलं की या माणसाने आमच्या कॉलेजला देणगी दिलेली नव्हती. त्याने कायदा केला होता. आणि स्वतः तो कॉलेजची पायरी कधी चढला नव्हता.

मी नेवासे तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. राहुरीला बी.एस्सी. ॲग्री केलं, मग इथे आलो. त्या कायद्याशिवाय माझं इथलं शिक्षण झालंच नसतं, आणि राहुरीचाही त्याच्याशी संबंध आहे हे मला फार उशिरा कळलं. म्हणून हा धागा. लांबला आहे, पण मला तो घाईत उरकायचा नव्हता.

जस्टिन स्मिथ मॉरिलचा जन्म १४ एप्रिल १८१० चा, व्हरमाँट राज्यातल्या स्ट्रॅफर्ड या डोंगराळ भागातल्या लहानशा गावात. वडील लोहार, दहा भावंडांत हा थोरला. अभ्यासाची ओढ होती, पण सगळ्या पोरांना कॉलेजात घालण्याची वडिलांची ऐपत नव्हती. पंधराव्या वर्षाच्या आसपास शाळा सुटली आणि पोरगा गावातल्या दुकानात कारकुनी करू लागला. मग काही वर्षं मेन राज्यातल्या पोर्टलंड बंदरात नोकरी. १८३१ मध्ये परत गावी येऊन जेडेडाया हॅरिस या व्यापाऱ्याबरोबर भागीदारीत दुकान. खेड्यातला दुकानदार गावाची नाडी ओळखून असतो. कुणाचं पीक बुडालं, कुणाची जमीन दमली, कोण घर विकून पश्चिमेला निघालं, हे त्याला उधारीच्या वहीवरून आधी कळतं. मॉरिलने ते जवळून पाहिलं, आणि उरलेल्या वेळात तो हाताला लागेल ते वाचत राहिला.

१८४८ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, गाठीशी पुरेसा पैसा जमल्यावर त्याने दुकानदारी सोडली. गावातच स्वतः आराखडा काढून घर बांधलं, भोवती बाग लावली, १८५१ मध्ये रूथ स्वान हिच्याशी लग्न केलं. उरलेलं आयुष्य झाडं आणि पुस्तकं यांत घालवायचं, असा बेत होता. तो बेत तीन वर्षं टिकला. १८५४ मध्ये गुलामगिरीच्या विरोधातला व्हिग पक्षाचा उमेदवार म्हणून तो काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या, प्रतिनिधीगृहावर निवडून आला, आणि लवकरच नव्या रिपब्लिकन पक्षात गेला. १८५५ ते १८६७ प्रतिनिधीगृह, १८६७ पासून सिनेट, ते थेट २८ डिसेंबर १८९८ रोजी मृत्यू येईपर्यंत. सलग जवळजवळ ४४ वर्षं.

आता मुख्य गोष्ट. १८५७ च्या डिसेंबरात त्याने प्रतिनिधीगृहात एक विधेयक मांडलं. संघराज्य सरकारच्या तिजोरीत पैसा नव्हता, पण पश्चिमेकडे त्याच्या नावावर अफाट जमीन होती. ती जमीन राज्यांना द्यायची. काँग्रेसमध्ये राज्याचे जितके सिनेटर आणि जितके प्रतिनिधी, त्या प्रत्येकामागे ठरावीक एकर. पहिल्या मसुद्यात २० हजार होते, शेवटी कायद्यात ३० हजार झाले. राज्याने जमीन विकून आलेला पैसा गुंतवायचा, मुद्दलाला हात लावायचा नाही, आणि व्याजावर निदान एक कॉलेज चालवायचं. त्यातला पैसा इमारतीत घालायचा नाही, इमारत राज्याने आपल्या खर्चाने बांधायची. पाच वर्षांत कॉलेज उभं राहिलं नाही तर पैसे परत.

त्या कॉलेजात शिकवायचं काय? शेती आणि यंत्रविद्या. पण कायद्यात लगेच पुढे असंही लिहिलंय की विज्ञानाचे इतर विषय आणि जुन्या भाषा-साहित्य वगळायचं नाही. कष्टकरी वर्गाच्या मुलांना पोटापाण्याचं शिक्षण आणि मनाला मोकळं करणारं शिक्षण, दोन्ही एकाच छताखाली. मला या माणसाबद्दल जे वाटतं ते याच वाक्यामुळे. तेव्हाची कॉलेजं बहुतेक धर्मोपदेशक, वकील, डॉक्टर घडवणारी, लॅटिन-ग्रीकवर चालणारी. शेतकऱ्याच्या पोरासाठी काही काढायचं तर फार तर नांगर दुरुस्तीचा वर्ग काढतील. मॉरिलने नांगर आणि ग्रंथालय वेगळं केलं नाही.

१८५८ च्या एप्रिलमधलं त्याचं भाषण मातीवर आहे. जुन्या राज्यांत एकरी उतारा कसा घसरत चाललाय, एक जमीन दमली की ती टाकून लोक पुढची कशी धरतात, युरोपातले देश शेतीच्या शाळा कशा काढताहेत, हे सगळं तो आकडे देऊन सांगतो. मातीचं शास्त्र शिकलेला माणूस म्हणून मला ते वाचताना भरून आलं. सेंद्रिय कर्ब, पिकांची फेरपालट, यातले शब्द त्याच्याकडे नव्हते. दुखणं मात्र त्याने नेमकं ओळखलं होतं.

विधेयक प्रतिनिधीगृहात १०५ विरुद्ध १०० असं जेमतेम निघालं. सिनेटमध्ये १८५९ च्या फेब्रुवारीत २५ विरुद्ध २२. दक्षिणेतले सदस्य म्हणत होते की शिक्षण हा राज्यांचा विषय, त्यात केंद्राने हात घालायचा नाही. पश्चिमेतल्यांना भीती होती की पूर्वेतले सट्टेबाज आपल्याकडची जमीन गिळतील. राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनन यांनी व्हेटो, म्हणजे नकाराधिकार, वापरला: तिजोरी रिकामी आहे, राज्यघटनेत बसत नाही, नव्या राज्यांचं नुकसान होईल, चालू कॉलेजांना धक्का बसेल. मॉरिल गप्प बसला नाही. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं, फुटून निघालेल्या दक्षिणेचे सदस्य उठून गेले, आणि त्याने तेच विधेयक पुन्हा आणलं. या वेळी अभ्यासक्रमात लष्करी कवायतीची भर होती. प्रतिनिधीगृहाच्या समितीने प्रतिकूल शेरा मारला, तेव्हा ओहायोचे बेंजामिन वेड यांनी ते सिनेटमधून पुढे रेटलं. सिनेट ३२ विरुद्ध ७, प्रतिनिधीगृह ९० विरुद्ध २५. लिंकनची सही २ जुलै १८६२ ची. आदल्याच दिवशी रिचमंडजवळ माल्व्हर्न हिलची लढाई झाली होती. हजारो जखमी वॉशिंग्टनकडे येत होते, आणि त्या आठवड्यात शेतीच्या कॉलेजांचा कायदा झाला.

पहिल्या पोस्टीत एवढंच. बाकी प्रतिसादांत बोलू.

तात्या_नगरकर | शनिवार, रात्री ११:०५

मृदगंध, फार जीव लावून लिहिलंत. १४ एप्रिल वाचलं आणि थांबलो. ज्यांना शाळेबाहेर बसवलं त्यांना शिक्षणाचा हक्क मिळवून देणाऱ्या बाबासाहेबांचा जन्मदिवस तोच. निव्वळ योगायोग, पण माझ्यासारख्याला तो नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

एक शंका. पूर्वेकडच्या जुन्या राज्यांत सरकारी जमीन उरलीच नव्हती ना? मग त्यांना काय मिळालं?

मृदगंध | रविवार, सकाळी ७:४०

तात्या, योग्य जागी बोट ठेवलंत. ज्या राज्यात जमीन नव्हती त्याला कागद मिळाला. स्क्रिप म्हणायचे. एकेका कागदावर १६० एकरांचा हक्क. राज्याने तो स्वतः वापरून दुसऱ्या राज्यात जमीन घ्यायची नाही, विकायचा. घेणारा तो कागद घेऊन पश्चिमेत जाणार आणि जमीन निवडणार. सरकारी दर एकरी सव्वा डॉलर. पण एकाच वेळी लाखो एकरांचे कागद बाजारात आले, शिवाय होमस्टेड कायद्याने जमीन जवळपास फुकट मिळत होती, मग भाव पडले. रोड आयलंडने १ लाख २० हजार एकरांचा हक्क ५० हजार डॉलरला देऊन टाकला.

याच्या उलट न्यूयॉर्क. त्यांच्या वाट्याला सुमारे ९ लाख ९० हजार एकर. तिथे एझ्रा कॉर्नेल नावाचा, तारायंत्राच्या धंद्यात कमावलेला माणूस होता. त्याने बरेचसे कागद स्वतः घेतले, विस्कॉन्सिनमधली पाइनची जंगलं निवडली आणि भाव येईपर्यंत विद्यापीठासाठी धरून ठेवली. त्यातून शेवटी सुमारे ५० लाख डॉलर उभे राहिले. कॉर्नेल विद्यापीठाचा पाया त्यात आहे. आणि मॅसॅच्युसेट्सने आपल्या वाट्यातले तीन दशांश एका नव्या तांत्रिक संस्थेला दिले. ती संस्था म्हणजे एमआयटी. आपली मुलं जिथे प्रवेशासाठी जिवाचं रान करतात ती एमआयटी याच कायद्याच्या पैशावर सावरली.

सही झाल्यावर कायदा सगळ्यात आधी स्वीकारला तो आयोवाने, १८६२ च्या सप्टेंबरात. आयोवाने घाईने जमीन विकली नाही, बरीचशी भाडेपट्ट्याने दिली. एम्सचं कॉलेज, म्हणजे आजचं आयोवा स्टेट, १८६९ मध्ये रीतसर सुरू झालं आणि पहिल्या दिवसापासून मुलींना प्रवेश होता.

पूर्वा_के | रविवार, सकाळी ९:१८

लेख मनापासून आवडला. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय पुढे वाचवत नाही. "अफाट जमीन होती" म्हणजे कुणाची होती? ती रिकामी नव्हती. माझं सध्याचं काम मिनेसोटात आहे, इथल्या विद्यापीठात कार्यक्रमाच्या सुरुवातीला ही जमीन डकोटा लोकांची आहे असं म्हणण्याची पद्धत आहे. नुसतं म्हणून काय होतं, असं मला दर वेळी वाटतं. तुमच्या लेखात तेही आलेलं नाही.

मृदगंध | रविवार, सकाळी ११:५२

पूर्वा, तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी लिहिलं होतं "त्याच्या नावावर अफाट जमीन होती" आणि पुढे गेलो. तिथे थांबायला हवं होतं. आता थांबतो.

मॉरिलच्या कायद्याने वाटलेली जमीन मूळची तिथल्या आदिवासी राष्ट्रांची. २०२० मध्ये हाय कंट्री न्यूज या नियतकालिकाने दोन वर्षं जुनी सरकारी दप्तरं धुंडाळून एकेक तुकडा शोधला. त्यांना सापडलं ते असं: सुमारे १ कोटी ७ लाख एकर, जवळजवळ २५० जमातींकडून घेतलेले, ५२ विद्यापीठांच्या कामी आलेले. या जमिनीपोटी अमेरिकन सरकारने जमातींना दिले ४ लाख डॉलरपेक्षा कमी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत विद्यापीठांनी त्यातून उभे केले सुमारे १ कोटी ७७ लाख.

तुमच्या मिनेसोटाचंच घ्या. १८५१ मध्ये डकोटांबरोबर ट्रॅव्हर्स दे सू आणि मेंडोटा इथे करार झाले आणि दक्षिण मिनेसोटाचा फार मोठा पट्टा गेला. माझ्या आयोवाचा वायव्य कोपराही त्यातच. करारावर सही करून पुढाऱ्यांना लगेच दुसऱ्या एका कागदावर सही करायला लावली. त्या कागदाने कराराच्या पैशातला मोठा हिस्सा आधीच व्यापाऱ्यांच्या बाकीपोटी वळता झाला. उरलेले पैसे वर्षासनाने यायचे, तेही उशिरा. १८६२ च्या उन्हाळ्यात, म्हणजे लिंकनने कॉलेजांच्या कायद्यावर सही केली त्याच उन्हाळ्यात, डकोटा उपाशी होते, पैसे आले नव्हते, व्यापारी उधार धान्य देईनात. ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं. २६ डिसेंबर १८६२ रोजी मँकाटो गावात ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं. पुढच्या वर्षी डकोटांना मिनेसोटाबाहेर हाकललं.

कॅलिफोर्नियात तर याहून सरळ अन्याय. १८५१-५२ मध्ये तिथल्या जमातींशी १८ करार झाले, सिनेटने ते मंजूर न करता दडवून ठेवले. जमीन गेली, बदल्यात काही नाही.

मी मातीच्या नमुन्यांवर शिकलो. नळीने तीन फूट खोल माती काढायची, थर मोजायचे, रंग नोंदवायचा. ती काळी, भुसभुशीत प्रेअरीची माती बोटांत चोळून पाहिली की आपल्याकडच्या गोदाकाठच्या काळ्या रानाची आठवण यायची. ती माती हजारो वर्षांच्या गवताने घडवली आणि त्या गवताळ रानावर कोण राहत होतं, याबद्दल त्या दोन वर्षांत एकाही वर्गात एक शब्द निघाला नाही. मीही विचारलं नाही.

मॉरिलने याचा विचार केला होता असं मला कुठे दिसलं नाही. त्याच्या भाषणांत ती जमीन ही सगळ्या देशाची सामाईक मालमत्ता आहे, आणि ती सट्टेबाजांच्या घशात जाण्यापेक्षा शिक्षणाला जावी. त्याच्यासाठी वाद तिथेच संपत होता. मला त्याच्याबद्दल आदर आहे आणि हा हिशेबही माझ्याच शिक्षणाचा आहे.

पूर्वा_के | रविवार, दुपारी १२:३०

उत्तर मनापासून दिलंत, धन्यवाद. १९९४ मध्ये आदिवासी जमातींच्या स्वतःच्या कॉलेजांनाही याच व्यवस्थेत सामील करून घेतलं, तेही इथे नोंदवते. १३२ वर्षांनी. आणि जमीन परत नाही मिळाली, अनुदान मिळालं.

इतिहासाची_वही | रविवार, दुपारी ३:१०

दोन मुद्दे.

पहिला, कल्पना मॉरिलची एकट्याची नाही. इलिनॉयचे जोनाथन बाल्डविन टर्नर १८५० च्या आसपासपासून कष्टकऱ्यांच्या विद्यापीठाचा प्रचार करत गावोगाव फिरत होते, आणि १८५३ मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळाने काँग्रेसकडे जमीन मागणारा ठरावही केला होता. मिशिगनमध्ये तर १८५५ चं शेतीचं कॉलेज आधीच होतं. श्रेय कुणाचं यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला.

दुसरा, तुम्ही मॉरिलला फक्त शिक्षणवाला करून ठेवलंत. त्याच्या काळात त्याचं नाव झालं ते जकातीमुळे. १८६१ चं मॉरिल टॅरिफ. आयात मालावर चढे कर, आणि त्यात व्हरमाँटच्या लोकरीची काळजी बरोबर घेतलेली. आजही काही लोक म्हणतात की यादवी युद्ध गुलामगिरीमुळे नाही, या जकातीमुळे पेटलं.

मृदगंध | रविवार, सायंकाळी ६:२५

टर्नर यांचं म्हणणं मान्य. कल्पना हवेत होती. पण हवेतली कल्पना पाच मतांनी का होईना प्रतिनिधीगृहातून काढणं, व्हेटो खाऊन परत उभं राहणं, समितीने नाकारल्यावर दुसऱ्या दाराने आणणं, हे काम वेगळं आहे. आमदार-खासदाराचं कसब म्हणतात ते हे. मतं मोजणं, पश्चिमेच्या माणसाला काय द्यायचं, कुठल्या कलमावर माघार घ्यायची. मॉरिल मोठा वक्ता नव्हता. तो बसून कलमं लिहिणारा माणूस होता, आणि मला अशा माणसांची कदर वाटते कारण त्यांची भाषणं कुणी पाठ करत नाही.

जकातीबद्दल मात्र तारखा बघा. प्रतिनिधीगृहाने ते विधेयक १८६० च्या मे महिन्यात मंजूर केलं, सिनेटमध्ये ते अडकून पडलं. १ फेब्रुवारी १८६१ पर्यंत सात राज्यं फुटली होती. त्यांचे सिनेटर निघून गेले म्हणून विधेयक निघालं, आणि ब्युकॅनन यांनी २ मार्चला सही केली. म्हणजे फूट आधी, जकात नंतर. जकातीवर दक्षिणेचा राग होताच, पण फुटताना त्या राज्यांनी जी कारणपत्रं स्वतः प्रसिद्ध केली त्यांत गुलामगिरी पानोपानी आहे.

लोकरीबद्दल तुमचं बरोबर. व्हरमाँट तेव्हा मेरिनो मेंढ्यांचा मुलूख होता. मतदारसंघ सांभाळणारा माणूस होता तो. आणखी दोन-तीन गोष्टी धावत्या: १८६२ मध्ये युद्धखर्चासाठी कागदी नोटा काढायला त्याने विरोध केला, तो हरला. त्याच वर्षीचा बहुपत्नीत्वविरोधी कायदाही त्याच्याच नावाचा, रोख युटातल्या मॉर्मनांवर. युद्धानंतर दक्षिणेच्या पुनर्रचनेच्या संयुक्त समितीत होता, जिथून चौदावी घटनादुरुस्ती निघाली. कॅपिटॉलमध्ये प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असलेलं दालन ही कल्पना त्याची. काँग्रेसच्या ग्रंथालयाला वेगळी भव्य इमारत हवी म्हणून तो कित्येक वर्षं सिनेटमध्ये झगडला. ती १८९७ मध्ये उघडली, त्याच्या मृत्यूच्या वर्षभर आधी.

ओवी | रविवार, रात्री ९:४४

१८९० च्या दुसऱ्या कायद्याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. माझ्या दृष्टीने मॉरिलचं खरं मोजमाप तिथे होतं.

पहिल्या कायद्यातून आलेला पैसा दक्षिणेत बहुतेक गोऱ्यांच्या कॉलेजांनाच गेला. अपवाद थोडे. मिसिसिपीत १८७१ मध्ये ॲल्कॉर्न हे कृष्णवर्णीयांसाठीचं कॉलेज निघालं, त्याला यातला वाटा मिळाला. त्याचे पहिले अध्यक्ष हायरम रेव्हल्स, अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य. १८७० मध्ये ते आणि मॉरिल एकाच सभागृहात होते.

१८७२ पासून मॉरिल कॉलेजांना कायमचा वार्षिक पैसा मिळावा म्हणून विधेयकं आणत राहिला, दर वेळी पडत राहिली. शेवटी ३० ऑगस्ट १८९० ला झालं, तेव्हा तो ८० वर्षांचा होता. प्रत्येक राज्याला आधी वर्षाला १५ हजार डॉलर, दर वर्षी हजाराने वाढत २५ हजारांपर्यंत. अट अशी की प्रवेशात वंश किंवा वर्ण पाहणाऱ्या कॉलेजला हा पैसा मिळणार नाही. पण त्याच कलमात पळवाट: राज्याने कृष्णवर्णीयांसाठी वेगळं कॉलेज काढलं आणि पैसा "न्याय्य" वाटला, तर चालेल. "समान" हा शब्द तिथे नाही.

दक्षिणेने पळवाट धरली. त्यातून १८९० ची म्हणून ओळखली जाणारी कॉलेजं उभी राहिली, आज ती १९ आहेत. हजारो शिक्षक, शेतीतज्ज्ञ, इंजिनियर त्यांनी घडवले आणि तेही कायम अर्ध्या पोटी. २०२३ मध्ये केंद्राच्या शिक्षण आणि कृषी मंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहून सांगितलं की तीन दशकांत या कॉलेजांना त्यांच्या वाट्यापेक्षा १२ अब्ज डॉलरहून जास्त कमी दिलेत. तो एक शब्द सव्वाशे वर्षं पुरला.

मृदगंध | रविवार, रात्री १०:३०

ओवीताई, हे मला जमलं नसतं असं लिहिलंत. माझ्या रोजच्या मॉरिल हॉलच्या आवारात त्याच १८९१ साली एक विद्यार्थी आला होता, गुलामगिरीत जन्मलेला, आधी एका कॉलेजने प्रवेश देऊन मग रंग पाहून परत पाठवलेला. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. आयोवा स्टेटचा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि पुढे तिथलाच पहिला कृष्णवर्णीय अध्यापक. नंतर अलाबामात टस्कीगीला जाऊन कापसाने दमलेल्या जमिनीत भुईमूग आणि चवळी घ्यायला शेतकऱ्यांना शिकवलं. मॉरिलच्या १८५८ च्या भाषणातलं दुखणं, आणि त्यावर उतारा घेऊन गेलेला माणूस हा.

वऱ्हाडी_माती | सोमवार, सकाळी ८:०२

लय चांगला धागा. मी अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा. आमच्याकडे पहिल्या वर्षापासून तीन शब्द कानावर पडतात: शिक्षण, संशोधन, विस्तार. ही तिकाटी तिकडूनच आली हे सांगायला हवं. कॉलेज १८६२ च्या कायद्याने, प्रयोग केंद्रं १८८७ च्या हॅच कायद्याने, आणि शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन सांगणारी विस्तार सेवा १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने. आपल्या देशात १९६० मध्ये पंतनगरला या नमुन्याचं पहिलं विद्यापीठ झालं. महाराष्ट्रात १९६८ ला राहुरी, १९६९ ला अकोला, १९७२ ला परभणी आणि दापोली. महाराष्ट्राच्या मदतीला पेन स्टेट होतं, तेही मॉरिलच्याच कायद्याचं.

आणि त्याच्या कितीतरी आधी एक वर्धेकर त्या कॉलेजात शिकून आला होता. पांडुरंग खानखोजे. कोर्व्हालिसचं ओरेगन ॲग्रिकल्चरल कॉलेज आणि मग पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट कॉलेज, दोन्ही लँड-ग्रँट, म्हणजे मॉरिलच्या कायद्याच्या जमिनीवर चाललेली. दिवसा शेतीशास्त्र, बाकी वेळ गदर या इंग्रजांविरुद्धच्या क्रांतिकारी संघटनेचं काम. इंग्रजांमुळे परतीची वाट बंद, म्हणून मेक्सिकोत गेले. चापिंगोच्या कृषी शाळेत शिकवलं, मक्यावर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिवेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलंय, हातात भाकरी घेऊन. १९५५ नंतर परत आले, १९६७ मध्ये नागपुरात वारले. आमच्या विदर्भातही किती जणांना हे नाव ठाऊक आहे, विचारून पाहा.

भाता | सोमवार, दुपारी २:१५

मी फारसं लिहीत नाही इथे, वाचतो. पण लोहाराचा मुलगा वाचलं म्हणून लिहितोय. माझे वडील लोहार. सुगीच्या आधी आमच्या दारात विळ्या-कोयत्यांचा ढीग पडायचा, शेवटायला, पाणी द्यायला. मी शाळेतून आलो की भाता ओढायचो. वडिलांना पोलाद रंगावरून कळायचं. विळा भट्टीतून काढला की धारेकडे पिवळा, मग तांबूस, मग निळा रंग सरकत यायचा. नेमक्या रंगाला पाण्यात घालायचा, क्षणभर उशीर झाला की धार नरम. ते कधी चुकले नाहीत. पण त्यांना कुणी कधी विचारलं नाही की हे असं का होतं, आणि त्यांना स्वतःला ते विचारावं असं कुणी शिकवलं नाही. मी दहावीनंतर आयटीआय केलं. तिथे पहिल्यांदा त्या रंगांचं तापमान पुस्तकात छापलेलं पाहिलं आणि वडिलांना फोन केला होता. ते म्हणाले, मग मी बरोबरच करत होतो म्हण की.

शेतकरी आणि कारागीर दोघांसाठी ते कॉलेज होतं हे वाचून बरं वाटलं. आपल्याकडे कृषी विद्यापीठ म्हटलं की कारागीर त्यात येत नाही.

माझी मुलगी बारावीला आहे. तिला शेतीच्या अवजारांची आवड आहे, आजोबांबरोबर बसून सगळं शिकलीय. तिच्यासाठी काय बघावं?

मृदगंध | सोमवार, रात्री ९:०८

भातादादा, तुमचा प्रतिसाद घरी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

मागच्या उन्हाळ्यात मी स्ट्रॅफर्डला जाऊन आलो. मॉरिलचं घर आता राज्याने जपलंय. गुलाबी रंगाचं, टोकदार कमानींचं, १७ खोल्यांचं. त्याने स्वतः आखलेली बाग पुन्हा लावलीय. लोहाराच्या मुलाने आराखडा काढलेलं घर म्हणून मी भिंतींपेक्षा दारांच्या बिजागऱ्या आणि कड्याच जास्त पाहत होतो. तुम्ही बरोबर असता तर मला समजावून सांगितलं असतं.

मुलीबद्दल: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली, चारही विद्यापीठांत कृषी अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी आहे. त्यात अवजारं आणि यंत्रं हा स्वतंत्र विभाग असतो. बारावीला गणित आहे ना, ते कळवा. प्रवेश सीईटीवर होतो, अर्जाच्या तारखा चुकवू नका. राहुरीचे माझे एक सर निवृत्त झालेत, पण अजून मुलांना मार्गदर्शन करतात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, त्यात त्यांच्याशी बोलणं कसं करायचं ते लिहितो. तिने आजोबांबरोबर केलेल्या एखाद्या अवजाराचा फोटो असेल तर तोही पाठवा.